जिन्याखाली जिलबी

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक वयानं माझ्या मुलापेक्षाही लहान आहेत. त्यांचा फोन आला, "आजी, तुम्ही इतकी वर्षं तपासणी केंद्रात काढलीत. रिपोर्ट बघून लोक कसे सुधारले, त्यावर लिहा. जरा प्रेरणादायी होऊ द्या." मी हो म्हणून टाकलं. मग फोन ठेवला आणि समोरचा कारल्याच्या रसाचा पेला नाक दाबून संपवला. येत्या शनिवारी माझी नात मला रक्त तपासायला नेणार आहे, आणि तिच्यासमोर नापास व्हायची माझी तयारी नाही. पुढे काय लिहिलं असेल याचा अंदाज वाचकांना इथेच यावा.

प्रेरणा आमच्याकडे भरपूर असे. ती जिना उतरेपर्यंत टिकायची. आमचं केंद्र आबिड्सच्या बाजारातल्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर होतं, आणि जिना जिथे रस्त्याला लागायचा तिथेच मिठाईचं दुकान. कढई बाहेर, अगदी शेवटच्या पायरीशी. सकाळी जिलबी पडायला लागली की वास थेट वर यायचा आणि रात्रीपासून उपाशी असलेली आमची गिऱ्हाइकं खुर्चीत अस्वस्थ व्हायची. माझ्या टेबलामागच्या खिडकीतून ती पायरी आणि ती कढई दोन्ही दिसायच्या. रिपोर्ट चांगला आलेला माणूस आनंदानं जिलबी खायचा. वाईट आलेला, आता उद्यापासून बंद, म्हणून शेवटची खायचा. मधला कुठलातरी आलेला जरा वेळ घुटमळायचा आणि मग खायचा.

बाहेरच्यांसाठी आमचा धंदा सांगते. पूर्वी रक्त तपासायला माणूस आजारी असावा लागे. डॉक्टर चिठ्ठी लिहीत, आम्ही रक्त काढत असू, संपलं. मग देशाचा बाजार उघडला, परदेशी यंत्रं सहज येऊ लागली, आणि त्यांच्यामागून एक नवा शब्द आला: पॅकेज. आता धडधाकट माणसं सकाळी न्हाऊन, भांग पाडून, आपण आजारी आहोत का ते विचारायला यायला लागली. कंपन्या आपल्या माणसांना पाठवायच्या. अमेरिकेतली मुलं आईवडिलांना लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून पाठवायची. आईवडील नव्या कपड्यांत येऊन निमूटपणे दंड पुढे करायचे.

मी मुळात रक्त काढणारी. हात हलका, नस पटकन सापडायची, एवढंच भांडवल. पण मराठी, तेलुगू, आपली दख्खनी आणि कामापुरतं इंग्रजी बोलता येत होतं, म्हणून मोठ्या डॉक्टरांनी मला एक टेबल दिलं आणि त्यावर पाटी ठेवली: हेल्थ काउन्सेलर. रिपोर्ट समजावून सांगायचा आणि सवयी बदलायला लावायच्या, हे काम.

त्या टेबलामागे बसलेली बाई आज आठवली की मला हसू येतं. चाळिशीची, कडक कांजीची साडी, वर पांढरा कोट. उजवीकडे प्लास्टिकचं हृदय, त्याच्या दोन फाका उघडायच्या. हातात लाल पेन. जो आकडा जास्त, त्याभोवती ती लाल गोल काढायची, दोनदा गिरवायची, मग पेन खाली ठेवायची आणि एक क्षण गप्प बसायची. हा गप्प बसण्याचा भाग तिनं घरी आरशासमोर बसवला होता. तिची पक्की समजूत होती की माणूस चुकतो तो माहिती नसते म्हणून. आकडा दाखवला की तो घरी जाईल आणि लोणच्याची बरणी शेजारणीला देऊन टाकेल.

आबिड्सचे एक कापडवाले शेठ होते. त्यांचा पहिला रिपोर्ट चांगला निघाला. त्यांनी तो प्लास्टिकमध्ये मढवून गल्ल्यामागे, देवाच्या तसबिरीखाली लावला. बायकोनं तूप वाढताना हात आखडता घेतला की ते म्हणत, "वो देखो, लिखा हुआ है ना? नॉर्मल. अब नक्को बोल." दुसऱ्या वर्षी कोलेस्टेरॉल चढलं. मी गोल काढला, गिरवला, गप्प बसले. शेठ बराच वेळ त्या गोलाकडे बघत होते. मला वाटलं, लागलं. ते म्हणाले, "बाई, ये लाल वाला निकाल के दूसरा कागज देते क्या? दुकान में लगाना है."

दुसरे वसमतकर सर. खरं म्हणजे मला त्यांच्याबद्दलच लिहायचं आहे.

वसमतकर सर म्हणजे जामबागेतल्या मुलांच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. मी त्यांच्या वर्गात नव्हते, माझा धाकटा भाऊ श्रीधर होता. नक्कल पकडण्यात सरांची ख्याती होती. परीक्षेच्या दिवशी दारात उभे राहून एकेका पोराला बाह्या वर करायला लावायचे आणि मनगटापासून कोपरापर्यंत वाचायचे. श्रीधर अजूनही सरांचं नाव निघालं की बाही खाली ओढतो. त्यामुळे सर पहिल्यांदा माझ्यासमोर रक्त द्यायला बसले आणि मला म्हणावं लागलं, "सर, बाही वर करा," तेव्हा मला आतून जो आनंद झाला तो पगारवाढीच्या दिवशीही झाला नव्हता.

"तू श्रीधरची बहीण ना?"

"हो सर."

"त्याला अजून त्रैराशिक येत नसेल."

सरांना मधुमेह होता, काही वर्षांपासून. गोळ्या लिहून दिलेल्या होत्या. वर्षातून एकदा ते आमच्याकडे यायचे. उपाशीपोटी एकदा रक्त, मग नाश्ता, मग दोन तासांनी पुन्हा रक्त, अशी रीत. नाश्ता आमच्याकडे इडलीचा असे, पण त्यात मी एक सुधारणा केली होती. माणूस घरी जे रोज खातो तेच खाऊन साखर किती चढते ते कळायला हवं, म्हणून मी सगळ्यांना घरून डबा आणायला सांगत असे. मोठ्या डॉक्टरांनी माझं कौतुक केलं. मी फुगले.

सरांनी डबा उघडला. ज्वारीची पातळ भाकरी, मेथी, काकडीच्या चकत्या. मी विचारलं, "सर, रोज हेच?"

"रोज."

डबा कोरा करकरीत होता. दुकानाचं चिकटवलेलं लेबल अजून झाकणावर होतं. ते मला दिसलं, पण त्यातून काही सुचलं मात्र नाही. रिपोर्ट सुंदर आला. मी लाल पेन बाजूला ठेवलं, निळं घेतलं आणि कोपऱ्यात लिहिलं, "उत्तम." गणिताच्या मास्तरांना कोणीतरी शेरा द्यायला हवा ना. पुढच्या वर्षी पुन्हा तेच: तोच डबा, तेच लेबल, तोच शेरा. चहाच्या वेळी मी सहकाऱ्यांना सांगत असे, "बघा, शिक्षित माणूस. एकदा समजलं की समजलं."

मग एके दिवशी सरांच्या पत्नी, म्हणजे काकू, आल्या, एकट्याच. ठेंगण्या, शांत, बोलताना पदराचं टोक घडी करत राहायची सवय. टेबलासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "तुमचं यंत्र खोटं बोलतं हो."

मी यंत्राची बाजू घेतली. काकूंनी ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "तपासणीच्या पंधरा दिवस आधी यांचा अभ्यास सुरू होतो. भात बंद. कारल्याचा रस. अंबरपेठेच्या पुलापर्यंत चालणं. गोळ्यासुद्धा तेवढेच दिवस घेतात. आणि तुमच्याकडून निघाले की खालीच जिलबी. घरी येताना अजून अर्धा किलो. मग वर्षभर रोज रात्री दुधात जिलबी, गोळ्यांना हात नाही. मी बोलले की तुमचा कागद दाखवतात. उत्तम."

तो शेवटचा शब्द काकू सावकाश म्हणाल्या.

मी म्हटलं, "पण डबा?"

"वर्षातून तेवढ्यापुरता काढतात तो. एरवी माळ्यावर असतो."

एवढ्यावर हा किस्सा हसण्यावारी गेला असता. पण काकू त्यासाठी आल्या नव्हत्या. सरांना अलीकडे फळ्यावरची, म्हणजे घरच्या ओसरीवरच्या फळ्यावरची, आकृती नीट दिसेना. शिकवणीला येणाऱ्या पोरांनी बरोबर काढलेला कोनही ते चुकीचा ठरवायला लागले. काकूंनी ओढत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्यांच्या मागच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके पाहिले आणि सांगितलं, साखर सतत चढी आहे, महिनोन्महिने ताब्यात ठेवली नाही तर नजर जाईल. तर सरांनी खिशातून आमचा रिपोर्ट काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. म्हणाले, तुमचे ठिपके वयाचे असतील, साखरेचे नाहीत, पुरावा आहे.

"वाचता आलं नाही तर हे जगायचे नाहीत हो," काकू म्हणाल्या. "माणूस राहील, पण हे नाही राहायचे." आणि पदराच्या घडीतून त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी काढली. तिच्यावर एका नव्या तपासणीचं नाव होतं.

ती तपासणी आमच्याकडे नुकतीच सुरू झाली होती. सोप्या भाषेत सांगते. रक्तात साखर जास्त असली की ती लाल पेशींना चिकटत जाते, आणि पेशी जगते तोवर सुटत नाही. म्हणून पेशींना किती चिकटली आहे ते मोजलं की साधारण गेल्या तीन महिन्यांत माणूस कसा वागला त्याची सरासरी हाती येते. आदल्या पंधरवड्यातलं कारलं तिथे पुरं पडत नाही.

सर वर्षाच्या तपासणीला ठरल्याप्रमाणे आले. बाही स्वतःच वर केली. मी रक्ताची एक बाटली जास्त भरली.

"ही कशाला?"

"डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, सर."

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घ्यायला आले. नेहमीचे दोन्ही आकडे देखणे होते. तिसरा आकडा भयंकर होता. मी लाल पेन उचललं. गोल काढला, दोनदा गिरवला, पेन ठेवलं, गप्प बसले. मग प्लास्टिकचं हृदय उघडलं, डोळ्यांचा विषय असताना हृदय कशाला ते मला आजही कळलेलं नाही, आणि माझं भाषण सुरू केलं. शरीराशी लबाडी करता येत नाही, हे त्यातलं शेवटचं वाक्य होतं. तेही आरशासमोर बसवलेलं.

सर त्या लाल गोलाकडे बघत होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदावर लाल शाई वापरलेला माणूस. कान लाल झाले. मग म्हणाले, "हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता."

"सर, नजरेचा प्रश्न आहे."

"ते वेगळं. परीक्षा बदलली तर आधी सांगायला हवं." कागद जवळ धरून ते पुन्हा वाचायला लागले. तो कागद त्यांना किती जवळ धरावा लागत होता ते मला दिसत होतं. "हे किती मागचं बघतं?"

"तीन महिने."

"त्याच्या आधीचं?"

"नाही."

"अजिबात नाही?"

"नाही, सर."

सरांचा चेहरा जरा सैल झाला. म्हणाले, "तीन महिन्यांनी पुन्हा घे." आणि उठले. मी खिडकीशी गेले. सर जिलबीच्या कढईजवळून मान वळवूनही न बघता गेले. मला भरून आलं. माझं भाषण काम करून गेलं होतं.

तीन महिन्यांनी आकडा इतका उतरला होता की मोठ्या डॉक्टरांनी यंत्र पुन्हा तपासायला लावलं. मी केंद्रभर मिरवले. त्याच दुपारी एका संस्थेच्या महिला मेळाव्यात जाऊन योग्य समुपदेशनाचं उदाहरण म्हणून सरांचं नाव न घेता सांगूनही आले. टाळ्या मिळाल्या.

संध्याकाळी काकूंचा केंद्रात फोन. म्हटलं, आभार मानायला असणार.

"आता काय करायचं?" काकू म्हणाल्या. "आज रिपोर्ट मिळाला. आल्या आल्या म्हणाले, तुझ्या त्या बाईच्या यंत्राला हरवलं. तीन महिने मागचं बघतं म्हणे, मी तीन महिने काही दिसूच दिलं नाही. आता पुढच्या वर्षी तपासणीच्या तीन महिने आधी पुन्हा सुरू करीन म्हणतात. अर्धा किलो आणलीय. दूध तापवायला सांगितलंय."

मी खुर्चीत बसले. माझ्या भाषणातलं एक अक्षरही त्या माणसाला शिवलेलं नव्हतं. तो घाबरला नव्हता, पटलंही नव्हतं. त्यानं फक्त नकलेची पद्धत बदलली होती. पूर्वी पंधरा दिवस फसवायचे, आता तीन महिने. पण तीन महिने फसवायचं म्हणजे तीन महिने गोळ्या घ्यायच्या, चालायचं, जिलबी सोडायची. म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच सगळं.

"काकू," मी म्हटलं, "सरांना सांगा, डोळ्यांच्या डॉक्टरांना दर तीन महिन्यांनी आकडा हवाय. पुढची तारीख मी आत्ताच लिहिते."

 तिकडे काकू हसल्या. त्यांना हसताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांना मी दुसऱ्या दिवशी फोन केला. ते म्हणाले, मी तेच लिहिणार होतो. म्हणजे खोटंसुद्धा धड बोलता आलं नाही मला.

त्यानंतर वर्षानुवर्षं हे चाललं. सर यायचे, बाही वर करायचे, रिपोर्ट घ्यायचे, विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघायचे आणि मी त्यांच्या हातात पुढची तारीख ठेवायची. तेवढा एक दिवस त्यांना सुटी. खाली जाऊन दोन जिलब्या खायचे, गरम, उभ्यानं. त्याचंही गणित त्यांनी मांडलं होतं. एकदा मलाच समजावून सांगितलं, "तीन महिन्यांच्या सरासरीत एक दिवस बुडतो. तुमच्या यंत्राला दिसत नाही." मी चेहरा पाडून म्हटलं, "असं होय." ठिपके वाढायचे थांबले. डोळ्यांना एकदा लेसर घ्यावा लागला, पण फळा दिसत राहिला आणि ओसरीवरचे कोन पुन्हा बरोबर यायला लागले.

मला वाटलं, गुरुकिल्ली सापडली. जो येईल त्याला मी तीन महिन्यांची तारीख द्यायला लागले. कापडवाल्या शेठनाही दिली. ते हसून म्हणाले, "हौ, आते." आले नाहीत. तोवर गल्लोगल्ली केंद्रं निघाली होती. शेठ दुसरीकडे जायला लागले, जिथे कोणी लाल गोल काढत नव्हतं आणि पुढची तारीखही देत नव्हतं. मग एका सकाळी ते दुकानातच कोसळले. वाचले, पण तोंडाची एक बाजू कायमची ओढली गेली. मी भेटायला गेले तेव्हा गल्ल्यावर मुलगा होता आणि तसबिरीखाली तो जुना नॉर्मल अजून लटकत होता. सरांना लाल शाई लागली, कारण ते सर होते. शेठना काय लागलं असतं ते शोधायला मी त्यांच्याशी दोन गोष्टी बोलायला हव्या होत्या. मी गोल काढत बसले. एवढी एक रुखरुख आहे.

मी निवृत्त झाले त्या महिन्यात सरांची तारीख होती. सर ऐंशी ओलांडलेले, काकू जिना चढत नसत म्हणून खाली मिठाईवाल्यानं दिलेल्या स्टुलावर बसायच्या. रिपोर्ट नेहमीसारखाच. सरांनी तो हातभर लांब धरला आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेली सूचना मला मोठ्यानं वाचून दाखवली, केवळ मला ऐकवायला. मग कागदाची घडी केली.

"आता तू जाणार, तर सांगून टाकतो. तुझ्या यंत्राला मी इतकी वर्षं फसवत आलोय."

"मला पत्ताच लागला नाही, सर," मी म्हटलं. हेही वाक्य मी घरी बसवून आणलं होतं.

सर उठले. बाही खाली ओढून गुंडी लावली. दाराशी गेले आणि वळले.

"वर्गात काही पोरांना मी मुद्दाम नक्कल करू द्यायचो. ढ असायची, सांगून अभ्यास करायची नाहीत. पण रात्रभर बसून एवढ्या बारीक अक्षरांत चिठ्ठ्या लिहायची की लिहिता लिहिता पाठच व्हायचं. सकाळी चिठ्ठी काढायची गरज पडायची नाही." मग म्हणाले, "तुझ्या श्रीधरला कधी वाटलं नाही, की मी त्याची फक्त एकच बाही का बघायचो?"

म्हणजे माझ्या तारखांचा डाव त्यांना केव्हाच कळला होता. सर जिना उतरले. कठड्याला हात न लावता, पायऱ्या नीट बघत.

मी खिडकीशी गेले. सर कढईशी पोचले होते. काकूंनी स्टुलावरूनच मिठाईवाल्याला दोन बोटं दाखवली. त्यानं दोनच जिलब्या कागदावर ठेवल्या. सरांनी एक उचलली, वर खिडकीकडे बघितलं, आणि मी बघतेय याची खात्री करून घेतल्यावर तोंडात टाकली.